ससाण्यासमोरचा बुरूज

जर्मनीतल्या आमच्या हायकिंग क्लबात पुढे चालणारा एक आणि शेवटी चालणारा एक, अशी दोनच माणसं महत्त्वाची असतात. बाकीचे मधे. मी तीन वर्षं मधे चालत होते.

आम्ही तेव्हा कायझर्सलाउटर्नला राहत होतो. नवरा एका संशोधन संस्थेत होता आणि मी विद्यापीठाच्या एका विभागात प्रयोगशाळेचं सामान मागवणं, मोजून घेणं आणि जागच्या जागी लावणं हे काम करत होते. गाव संपलं की थेट जंगल सुरू व्हायचं आणि ते जंगल फ्रान्सपर्यंत जायचं. त्या जंगलात लाल दगडाचे डोंगर आणि जवळजवळ प्रत्येक डोंगराच्या डोक्यावर पडका किल्ला. पहिल्या वर्षी नकाशा उघडला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "अरे, हा तर आपला मावळ आहे. फक्त करवंदं नाहीत."

आम्ही दोघं पुण्यातल्या कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळातले. मी लीडर होते, तो नव्हता. हे तो आजही मान्य करतो, पण चेहरा वाकडा करून.

जर्मनीत मात्र मला सगळीकडे कुणीतरी नेत होतं. परवान्याच्या कचेरीत नवरा, डॉक्टरकडे शेजारीण, कामावर पहिल्या दिवशी सेक्रेटरीबाई. क्लबातही तेच. माणसं प्रेमळ होती, पण माझ्यासाठी वाटेत थांबायची, घसरडं दिसलं की हात पुढे करायची. मी राजगडाच्या बालेकिल्ल्याचा कातळ भर उन्हात चढून गेलेली बाई! त्या प्रेमळ हातांचा मला हळूहळू राग यायला लागला. मला एकदा तरी पुढे चालायचं होतं. एवढंच, पण ते फार हवं होतं.

क्लबचे अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर होते. उंच, काटक, गुडघ्याला पट्टा, हातात लोखंडी टोकाची जुनी काठी. वीस-पंचवीस वर्षं बहुतेक सगळ्या वाटांवर तेच पुढे चालत आले होते. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि नवीन वाटाडे हवेत असं मंडळी दबक्या आवाजात म्हणायला लागली होती. दिवाळी होऊन गेली होती, इकडे थंडीचे दिवस सुरू होत होते, तेव्हा एका रविवारी मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "मला एक वाट द्या."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे विद्यार्थिनीकडे बघावं तसं बघितलं.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "एप्रिलमधे एक रविवार मोकळा आहे. तुम्ही वाट आखा, तुम्ही न्या. मी तुमच्या मागे चालेन. जमलं तर त्यानंतरच्या वर्षीच्या कार्यक्रमात तुमची वाट. नाही जमलं तर पुन्हा मधे."

"आणि शेवटचा माणूस कोण?" मी विचारलं.

"तुम्ही निवडा. मी नाही. शेवटचा माणूस पुढच्यावर डोळे मिटून विसंबतो. मी अजून कुणाच्या मागे शेवटी चाललेलो नाही."

क्लबची पद्धत अशी, की प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबतो आणि मागे बघतो. सगळे आले की शेवटचा माणूस काठी वर करतो. काठी दिसली की पुढचा वळतो. आमच्या मंडळात आम्ही शीळ घालायचो, बाकी सगळं सारखंच. मी शेवटचा माणूस म्हणून नवऱ्याला नेमलं. त्याला पगार नव्हता आणि नाही म्हणायची सोयही.

मग मी कामाला लागले. मला कामाला लागायला फार आवडतं. जानेवारीत आम्ही दोघं बर्फातून पूर्ण वाट चालून आलो. कुठे चढ, कुठे बसायला ओंडका, कुठे ओढ्यावरचा साकव निसरडा, सगळं बघून घेतलं. वाट सुंदर होती. लहानशा स्टेशनवर उतरायचं, पाइनच्या जंगलातून चढायचं, लाल कातळांच्या रांगेखालून जायचं आणि शेवटी एका प्रचंड सुळक्यावरच्या किल्ल्यावर. किल्ला काय होता! अर्धा बांधलेला, अर्धा दगडातच खोदलेला. जिने कातळात, पाण्याचं टाकं कातळात, भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी त्या टाक्याच्या काठावर बसून इतकी खूश झाले होते की नवरा म्हणाला, "आता इथेच मुक्काम करू नकोस, शून्याखाली आहे."

वाटेला नाव द्यायचं होतं. मी नाव दिलं, 'वाळवंटातली भ्रमंती'. त्याला कारण होतं. तो सगळा लाल दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाची वाळू. वाऱ्याने उडवलेली, मधूनच येणाऱ्या पुरांनी पसरलेली, मग दबून दबून दगड झालेली. तळहात घासला तर आजही लाल रेती हातावर येते. जंगल वरवरचं, खाली वाळवंटच आहे. हे मला ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सापडलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते.

नावाची सूचना क्लबच्या फलकावर लागली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला.

"तुमच्या वाटेवर ह्युट्टे कुठे आहे?"

ह्युट्टे म्हणजे जंगलातली खानावळ. क्लबची मंडळी आपणच आळीपाळीने चालवतात. तिथे मसुराचं सूप, लिव्हरचे गोळे आणि बाहेरून खळ्या पाडलेल्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात सोडा घातलेली वाइन मिळते.

"नाहीये," मी म्हटलं.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ह्युट्टे नाही?"

"नाही. पण काळजी करू नका, मी सगळ्यांसाठी खायला आणणार आहे."

"सगळ्यांसाठी," ते म्हणाले. त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं, शोक होता.

मला काय चुकलं ते कळलंच नाही. आमच्या मंडळात लीडरने खाण्यापिण्याचं बघायचं हा नियम होता आणि वाटेत हॉटेलात शिरणं म्हणजे नाक कापून घेणं. मी शनिवारी तिखटमिठाचे पराठे लाटायला बसले. नवरा डबे भरताना म्हणाला, "अगं, क्लब चाललाय, वऱ्हाड नाही. त्यांना चालण्यात रस नसतो, चालून झाल्यावर बसण्यात असतो. तू त्यांचं बसणंच काढून टाकलंस."

"मग आता सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी? तू नुसत्या सूचना देतेस."

पराठे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, गुळाच्या दशम्या, प्रथमोपचाराची पिशवी, जादा मोजे, दोरी, नकाशा प्लास्टिकमधे. दोघांच्या पाठीवर दोन बोचकी झाली. माझं बोचकं जास्त जड होतं आणि रात्री उत्साहाने मला झोपही लागली नाही.

सकाळी स्टेशनवर सगळीकडे खोदून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी गावात फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने व्हायचे होते. फळ्यांवरून उड्या मारत डझनभर मंडळी फलाटावर जमली. बहुतेक साठीच्या पुढची, पण पायात भक्कम बूट आणि गालांवर लाली. अध्यक्षांच्या पत्नी पण होत्या. गोल, हसऱ्या, बोलघेवड्या. त्यांची पाठपिशवी जरा जास्तच फुगलेली होती आणि खाली ठेवताना त्यांनी ती बाळासारखी ठेवली.

"वाळवंट!" त्या मला म्हणाल्या. "आमच्या गल्लीत सगळे विचारतायत, दिवसभर कोरडंच राहायचं का?"

"पाणी आहे माझ्याकडे, भरपूर."

"पाणी," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईंकडे बघून डोळे मिचकावले.

चालायला सुरुवात झाली आणि माझ्या टाचेमागे अध्यक्षांची काठी वाजायला लागली. टक, टक, टक. ते खरोखरच माझ्या मागे, अगदी हातभर अंतरावर चालत होते. फाट्यावर मी थांबले, मागे पाहिलं, नवऱ्याने काठी वर केली, मी वळले. टक, टक. पेपर लिहिताना पर्यवेक्षक मागे उभा राहिला की जसं मानेवर काहीतरी जाणवतं तसं मला पहिला तासभर जाणवत होतं.

पण मग जंगलानेच मला त्यातून बाहेर काढलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना रात्री रानडुकरांनी जमीन अशी उकरून ठेवली होती की कुणी नांगर फिरवला असं वाटावं. माती ताजी होती, वास येत होता. पुढे कातळांची रांग लागली. ऊन आलं होतं आणि लाल दगडावर सरडे पोट टेकून पसरले होते, सावली पडली की सुर्रकन फटीत. दगडाला वाऱ्याने मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली होती. एका कातळाच्या अंगावर तिरप्या रेषा होत्या, एकावर एक, वाळूच्या टेकडीवर वारा ओढतो तशा. मी थांबले, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की आपण आत्ता वाळूच्या टेकडीच्या पोटात उभे आहोत. तळहात घासायला लावले. डझनभर जर्मन म्हातारी माणसं एका ओळीत उभी राहून डोंगर घासत होती आणि लाल हात एकमेकांना दाखवत होती. मला इतका आनंद झाला की काठीचा आवाज विसरलेच.

अध्यक्षांनी पण हात घासला. रुमालाने पुसला.

झाडांमधून किल्ला पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळ्यांनी आ वासला. सुळका, वर भिंत, भिंतीत रिकामी खिडकी आणि खिडकीत निळं आकाश. मी पाय उचलले. शेवटचं वळण घेतलं आणि थांबले.

वाटेवर आडवी लाल-पांढरी पट्टी होती. खांबाला पाटी. जानेवारीत इथे काही नव्हतं. पाटीवर ससाण्याचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत: गेश्पेर्ट. बंद. यंदा बहिरी ससाण्याच्या जोडीने सुळक्यावर घरटं केलं आहे, पिल्लं उडून जाईपर्यंत किल्ला आणि कातळाखालची वाट बंद.

सगळी वाट या किल्ल्यासाठी आखली होती. वर बसून खायचं, वरून दऱ्या दाखवायच्या, खाली उतरून पलीकडच्या स्टेशनवर जायचं. पुढचा सगळा रस्ता किल्ल्यातून जात होता.

मागून मंडळी येऊन पोचली आणि एकदम गलका झाला. गंमत म्हणजे निम्म्यांना आनंदच झाला होता. "बहिरी ससाणा! इथे परत!" अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "माझ्या तरुणपणी शेतातल्या औषधांनी सगळे गेले होते. वर्षानुवर्षं एकही नव्हता."

"हो, पण आता जायचं कुठून?" एक गृहस्थ म्हणाले. "गुपचूप कडेने जाऊ. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"कोण बघतंय?" दुसरे.

नवरा शेवटून पुढे आला होता. तो मराठीत म्हणाला, "अगं, पटकन वर जाऊन येऊ. पट्टी काय, वाकून जाता येतं."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते.

"तुम्ही नेताय," ते म्हणाले. एवढंच.

मला त्या क्षणी आठवलं ते आग्या मोहोळ. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका गडाच्या दरवाजाच्या कमानीला ते भलंमोठं काळं मोहोळ लागलेलं होतं. पलीकडे बुरूज दिसत होता, पाच मिनिटांचा चढ. आमचा तेव्हाचा लीडर दरवाजापासून पन्नास पावलांवर थांबला, तोंडावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना मागे वळवलं. एक शब्द बोलला नाही. खाली आल्यावर मुलं भडकली होती, इतकं चालून आलो आणि गड नाही! तो म्हणाला, गड कुठे पळून जात नाही. आज घर त्यांचं आहे.

"वर जायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "आज घर त्यांचं आहे. मला नकाशा बघू द्या."

"मग परत?" कुणीतरी म्हणालं. त्यात निराशा होती. आलेल्या वाटेने परत जाणं म्हणजे मी पुन्हा मधे. ते मला माहीत होतं, अध्यक्षांना माहीत होतं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही माहीत होतं.

मी नकाशा एका ओंडक्यावर पसरला. बोट फिरवताना एक प्रश्न मनात होता, तो मला या जंगलाने नाही, सह्याद्रीने शिकवलेला. मोठा गड एकटा नसतो. समोरचा डोंगर मोकळा सोडला तर शत्रू तिथे तोफ चढवणार किंवा तिथून नजर ठेवणार. म्हणून समोर एक छोटा गड असतोच. पुरंदरला वज्रगड, चंदनला वंदन. जोडकिल्ला. मग इथे का नसेल? माणसं तीच, भीती तीच.

किल्ल्याच्या दक्षिणेला खिंड होती, खिंडीत झऱ्याची निळी खूण. खिंडीपलीकडे तेवढ्याच उंचीची डोंगराची सोंड आणि तिच्या टोकावर नकाशात एक बारीक काळा चौकोन. नाव नाही. काहीही नाही.

"हे काय आहे?" मी अध्यक्षांना विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला. "माहीत नाही. लाकूडतोड्यांची झोपडी असेल. मी तिथे कधी गेलो नाही. तिथे काही नाही."

"तिथे बुरूज असणार."

"कशावरून?"

"किल्ल्यासमोर आहे, म्हणून."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मास्तरांना आवडणारं उत्तर नव्हतं ते. पण मला आतून इतकी खात्री वाटत होती की हातापायांत वीज खेळत होती. खिंडीपर्यंत आणि तिथून पुढे स्टेशनच्या बाजूला जंगलखात्याचा रुंद रस्ता जात होता. मी लोकांना सांगितलं, "खिंडीत झरा आहे. तिथपर्यंत अर्धा तास. तिथून वर वाट सापडली तर तुम्हाला ससाणा दाखवते. नाही सापडली तर त्याच रस्त्याने स्टेशन."

"ससाणा दाखवते म्हणे," नवरा पुटपुटला. "त्याच्याशी बोललीस का?"

"तू मागे जा. शेवटचा माणूस आहेस."

झरा होता. दगडी हौद, त्यात पाणी, कडेला शेवाळ. झऱ्यापासून वर जाणारी वाट मात्र नव्हती. मी आधी डाव्या बाजूने गेले, काटेरी झुडुपं. उजव्या बाजूने गेले, खडी घसरण. मागे मंडळी हौदाच्या काठावर टेकली होती आणि त्यांची कुजबूज मला ऐकू येत होती. काठीची टकटक थांबलेली होती. मी पुन्हा हौदाशी आले आणि उलटा विचार केला. वर माणसं राहत होती तर ती पाण्याला खाली येत होती. भरलेलं ओझं घेऊन कुणी सरळ चढत नाही, जनावरं तर नाहीच. तिरपं जातात, वळणं घेत. मी सोंडेकडे तिरपं पाहिलं आणि मग ते दिसलं. पाचोळ्याखाली जमिनीला पडलेली एक रुंद, सपाट घडी, जुन्या बिछान्यावर पडावी तशी. एका बाजूला रचलेले दगड.

"इकडे!" मी ओरडले.

अध्यक्ष आले. त्यांनी काठीने पाचोळा सारला, रचलेले दगड पाहिले.

"गेनाऊ, बरोबर," ते हळूच म्हणाले. "गाढवांची वाट. किल्ल्यावर पाणी गाढवांवरून न्यायचे."

"आमच्याकडे पखाली घालून रेडे," मी म्हटलं. इथेही कुठे बंदीची पाटी आहे का ते दोन्ही बाजूंना नीट बघितलं. नव्हती. मग निघालो.

ती वाट म्हणजे वाट पाहणाऱ्याला बक्षीस होती. एवढी सोपी चढण, इतक्या जुन्या पावलांनी ठरवलेली, की कुणाला धाप लागली नाही. शेवटी एक कातळ आला. त्यात पायऱ्या. पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या. कातळाच्या अंगावर तुळया बसवायच्या चौकोनी खोबणी. मी त्यांत हात घातला आणि मला रडायलाच येईल असं वाटलं, पण पाठीवर पराठे होते आणि मागे डझनभर माणसं, म्हणून चढले.

वर बुरूज होता. म्हणजे बुरुजाचा बुंधा, पुरुषभर उंचीचा, मधून एक पाइनचं झाड उगवलेला. एका मोठ्या दगडाच्या मधोमध, तो उचलायच्या चिमट्यासाठी, पाडलेलं भोक. त्या बुंध्यापुढे दहा-बारा माणसं बसतील एवढा सपाट कातळ, आणि समोर, दरीपलीकडे, आमच्याच पातळीवर, तो मोठा किल्ला. त्याच्यावर उभं राहून कधीच न दिसणारी बाजू. सगळा सुळका, सगळी भिंत, सगळ्या खिडक्या.

नवरा शेवटी वर आला. त्याने ते दृश्य पाहिलं, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. मला बरोबर कळलं काय येणार ते. गडमाथ्यावर पोचल्यावर जी घोषणा द्यायची ती वीस वर्षांच्या सवयीने त्याच्या घशापर्यंत आली होती. मी झडप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"अरे, समोर बाळंतीण आहे!"

माझ्या हाताखाली तो हसायला लागला, मग मीही. अध्यक्षांच्या पत्नींनी काय झालं म्हणून विचारलं. सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कधीतरी ह्युट्टेत द्या, तिथे चालेल." आणि मग गप्प झाल्या, कारण त्यांच्या दुर्बिणीत काहीतरी सापडलं होतं.

"बसलीय," त्या कुजबुजल्या. "खिडकीच्या उजवीकडे, कपारीत. अंड्यांवर."

दुर्बीण हातोहात फिरायला लागली. मला करड्या पाठीचा एक तुकडा दिसला, वाऱ्याने पिसं जरा हललेली. तेवढ्यात दरीतून कर्कश, पटापट तुटणारा आवाज आला. खालून एक काळा ठिपका वर येत होता. नर. मादीपेक्षा लहान, पायात काहीतरी धरलेलं. कबूतर असावं. मादी कपारीतून सुटली, नुसती पडली म्हणा, मग पंख उघडले आणि ती सरळ त्याच्याकडे गेली. आता धडकणार असं वाटलं. त्याने पायातलं सोडलं. ती हवेत पाठीवर उलटी झाली, पंजे वर, आणि पडतं कबूतर उचललं.

ती भक्ष्य घेऊन भिंतीच्या टोकावर जाऊन बसली आणि पिसं उपटायला लागली. पिसं एकेक करून त्या पडक्या किल्ल्यावरून दरीत तरंगत गेली. नर कपारीत शिरला आणि अंड्यांवर बसला.

"बघा," अध्यक्षांच्या पत्नी अध्यक्षांना कोपराने ढोसत म्हणाल्या. "तोही बसतो. शिका."

एकदम सगळे हसले, पण आवाज न करता, खांदे हलवत. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. माझे हात लाल झाले होते, गुडघे लाल झाले होते, मी त्या वाळवंटाच्या दगडावर पालथी पडून बघत होते.

मग मी पराठे काढले. आणि ज्या क्षणी मी डबे उघडले त्याच क्षणी डझनभर पाठपिशव्याही उघडल्या. ब्रेड, सॉसेज, चीज, काकड्या, उकडलेली अंडी. अध्यक्षांच्या पत्नींच्या पाठीवरच्या बाळातून दोन वाइनच्या बाटल्या, सोडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले खळ्यांचे ग्लास निघाले. बाकीच्यांकडेही बाटल्या होत्या. वाटाडीने ह्युट्टे काढून टाकली तर प्रत्येकाने आपापली ह्युट्टे पाठीवर घेतली होती.

"तुम्ही वाळवंट म्हणालात ना," त्या म्हणाल्या. "घाबरलो आम्ही."

पराठे गेले, पण खोटं कशाला सांगू, सॉसेजही तेवढेच गेले आणि लिंबाचं लोणचं एका गृहस्थांनी चाखून कागदात थुंकलं. अध्यक्षांनी दशमी खाल्ली, दुसरी मागितली नाही. ते बुरुजाच्या दगडांना हात लावत फिरत होते. शेवटी माझ्याजवळ आले.

"किल्ल्यासमोर आहे, म्हणून," ते माझंच वाक्य म्हणाले. "हे तुम्हाला कुठे शिकवलं?"

"घरी. तिकडे असे पुष्कळ आहेत."

"मी पन्नास वर्षं त्या किल्ल्यावर जातोय. तिथून समोर बघत होतो. इकडे बघायला आलोच नाही." त्यांनी दरीकडे बघितलं. "पण ह्युट्टे पाहिजे होती."

"हो," मी म्हटलं. "आता कळलं."

"लोणचं नको."

"बरं."

बाकी ते काही बोलले नाहीत. कार्यक्रमाबद्दल नाही, पुढच्या वर्षाबद्दल नाही. मला विचारायचं होतं, पण मास्तरांना निकाल मागत नाहीत. आम्ही कचरा गोळा केला, मी कातळावर एकदा नजर टाकली, सगळ्यांच्या पिशव्या बंद झाल्या का बघितलं आणि उतरायला लागले. गाढवांची वाट, मग झरा, मग जंगलखात्याचा रस्ता. बोलण्याचा आवाज वाढला होता, वाइनमुळे आणि ससाण्यामुळेही. मी भराभर चालत होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

स्टेशनकडे जाणारा फाटा आला तेव्हा कळलं. टाचेमागची टकटक नव्हती.

मी थांबले आणि मागे वळले. माझ्या मागे अध्यक्षांच्या पत्नी होत्या, त्यांच्या मागे मंडळी, आणि मधेच माझा नवरा, रिकामे डबे वाजवत, कुणाशी तरी फुटबॉलवर वाद घालत. म्हणजे तो शेवटी नव्हता. रांग वळणावरून हळूहळू येत राहिली, दोघं-तिघं, मग एकटे ते लोणचंवाले गृहस्थ. मग थोडा वेळ नुसती वाट, दोन्ही बाजूंना पाइन.

मग वळणावरून अध्यक्ष आले. सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, गुडघा सांभाळत. त्यांनी मला थांबलेलं पाहिलं, जागच्या जागी उभे राहिले आणि लोखंडी टोकाची काठी वर केली.

मी वळले आणि चालायला लागले.